वाचकांचे प्रश्न : मीडियम फॉरमॅट, पण ट्रायपॉडशिवाय

या महिन्यात मीडियम फॉरमॅट डिजिटलबद्दल, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (३६×२४ मिमी) मोठा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यांबद्दल, इतकी पत्रं आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. बहुतेकांचा रोख एकच आहे : स्टुडिओसाठी म्हणून ओळखला जाणारा महागडा कॅमेरा गळ्यात अडकवून रोज फिरता येतं का? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. डॉलरमधल्या किमती अमेरिकेतल्या, ती वस्तू बाजारात आली त्या वेळच्या आहेत. इथला भाव दुकानात विचारूनच ठरवा.

प्रश्न : सेकंडहँड जीएफएक्स ५०आर (फुजीचा ५० मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट) आणि ६३ मिमी एफ/२.८ लेन्स घेतली. आधी २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम होता, त्यावर ५० मिमी लेन्सला १/६० वर फोटो हमखास चांगला यायचा. आता त्याच स्पीडला निम्म्याहून जास्त फोटो १०० टक्के झूमवर मऊ दिसतात. लेन्स तपासून घेतली, ठीक आहे म्हणाले. चुकतंय कुठे? – पुणे

उत्तर : लेन्स ठीकच असणार. 'एक भागिले फोकल लेंग्थ' हा शटर स्पीडचा नियम (५० मिमीला १/५० सेकंद) फिल्मच्या आणि छोट्या प्रिंटच्या काळातला. तुमचा हात पूर्वीइतकाच हलतो, पण ते हलणं आता बारीक पट्टीवर मोजलं जातंय. हिशेब करून बघा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा असतो, म्हणजे ५० मिमी लेन्समागे तो ०.१२ मिलिरेडियनचा कोन व्यापतो. ५०आरचा पिक्सेल ५.३ मायक्रॉनचा, ६३ मिमीमागे ०.०८४. १०० मेगापिक्सेलच्या जीएफएक्सचा ३.७६ मायक्रॉनचा, ६३ मिमीमागे ०.०६. तेवढ्याच थरथरीत ५०आरवर जवळपास दीडपट पिक्सेल फासले जातात आणि १०० मेगापिक्सेलवर दुप्पट. म्हणून तुमच्या कॅमेऱ्याला जुन्या सवयीपेक्षा अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) वेगवान शटर हवं, १०० वाल्याला पूर्ण एक स्टॉप. शिवाय ५०आरमध्ये सेन्सर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सेन्सर सरकवून भरून काढणारी सोय) नाही. आधीच्या बॉडीत ते असेल, तर फरक आणखी मोठा वाटेल. ६३ मिमीला १/१२५ हा तळ धरा, १/२५० ही सवय करा आणि आयएसओ वाढवायला कचरू नका. आयएसओ ८०० चा बारीक दाणा प्रिंटमध्ये दिसत नाही, हललेली कड मात्र दिसते.

तरीही सगळा दोष हातावर टाकू नका. मऊपणाची कारणं चार आणि प्रत्येकाची खूण वेगळी. हात हलला असेल तर सगळी फ्रेम एकाच दिशेने ओढलेली दिसते आणि दिव्याच्या ठिपक्यांच्या छोट्या रेघा होतात. फोकस चुकला असेल तर फ्रेममध्ये दुसरीकडे कुठेतरी लख्ख धार सापडते. समोरचा माणूस हलला असेल तर तो पुसट आणि मागची भिंत स्वच्छ येते. चौथं कारण शटरचा धक्का. इतक्या मोठ्या पडद्याचं शटर उघडतानाच बॉडी किंचित हादरते आणि मध्यम स्पीडला आडव्या रेषांना दुहेरी कड येते. मेन्यूत शटर टाइप 'इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन' करून पाहा. दुहेरी कड गेली, तर गुन्हेगार सापडला.

एका दुपारी ही चाचणी करा. वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर सपाट चिकटवा आणि दोन मीटरवर उभे राहा. पहिला फोटो ट्रायपॉडवरून, दोन सेकंदांच्या टायमरने. हा तुमचा मापदंड. तो नसेल तर 'लख्ख' म्हणजे किती लख्ख हेच कळत नाही. मग हातात धरून १/६०, १/१२५, १/२५० आणि १/५०० ला प्रत्येकी दहा. ज्या स्पीडला दहातले आठ मापदंडाशी जुळतील, तो तुमचा स्पीड. तो ऑटो आयएसओच्या सेटिंगमध्ये किमान शटर स्पीड म्हणून टाका आणि विसरून जा.

पोर्ट्रेट काढत असाल तर आणखी एक सवय मोडावी लागेल. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरायचा आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम जुळवायची, ही. दीड मीटरवर एफ/२.८ ला १०० टक्के झूमच्या कसोटीवर धारेचा पट्टा जेमतेम तीन सेंटीमीटर जाडीचा असतो. कॅमेरा १५ अंश वळवला की फोकसची पातळी डोळ्याच्या पाच सेंटीमीटर मागे सरकते. पापण्या मऊ, कानाजवळचे केस टोकदार, असे फोटो याचमुळे येतात. फोकसचा बिंदू जॉयस्टिकने डोळ्यावर न्या, कॅमेरा जागचा हलवू नका.

धरण्याबद्दल थोडक्यात : डावा तळवा लेन्सच्या खाली, कोपरं बरगड्यांना टेकलेली, व्ह्यूफाइंडर भुवईवर दाबलेला. श्वास अर्धा सोडून थांबा आणि बटण बोटाच्या पेराने लोळवत दाबा. तीन फोटोंची छोटी फैर घेतलीत तर मधला बहुधा सर्वांत स्थिर निघतो, कारण दाबण्याचा आणि सोडण्याचा झटका पहिल्या-तिसऱ्याला लागतो.

आणि हो, १२×१६ इंचाची एक प्रिंट काढून बघा. तुमच्या फाइलचे ८२५६ पिक्सेल १६ इंचांत बसवले तर इंचाला ५१६ येतात. स्क्रीनवर नापास केलेले कित्येक फोटो कागदावर पास होतील.

प्रश्न : आजोबांचा यशिका मॅट घरात आहे, त्याची निगेटिव्ह ६×६. या नव्या कॅमेऱ्यांचा सेन्सर ४४×३३ मिमी. मग याला मीडियम फॉरमॅट का म्हणायचं? – सातारा

उत्तर : शंका रास्त आहे. १२० रोलवरची ६×६ फ्रेम प्रत्यक्षात ५६×५६ मिमीची, म्हणजे ३१३६ चौरस मिमी. फुजी आणि हॅसलब्लाडचा सेन्सर ४३.८×३२.९ मिमीचा, १४४१ चौरस मिमी. निम्म्याहूनही कमी. ६४५ (६×४.५ सेमी) फिल्मच्या जवळ जाणारा सेन्सर फेज वनच्या आयक्यू४ १५० बॅकमध्ये (कॅमेऱ्याच्या मागे बसवायचा डिजिटल भाग) आहे, ५३.४×४० मिमी, पण तो घेऊन कुणी भाजी आणायला जात नाही. ४४×३३ हा आकार पेंटॅक्सने २०१० मध्ये ६४५डीला वापरला, मग २०१४ च्या ६४५झेडला. २०१६ मध्ये आरसा नसलेला हॅसलब्लाड एक्स१डी आला, २०१७ मध्ये फुजीचा जीएफएक्स ५०एस. हातात धरण्याजोगं मीडियम फॉरमॅट खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं.

फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी. म्हणजे हा सेन्सर त्याच्या १.६७ पट. एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान सेन्सर) ते फुल फ्रेम ही उडी २.३ पटींची असते, त्यामानाने ही लहानच. प्रकाशाच्या भाषेत पाऊण स्टॉप. आणि हा पाऊण स्टॉप लेन्स लगेच परत घेते, कारण इथल्या हलक्या लेन्स एफ/३.५, एफ/४ च्या असतात. फुल फ्रेमच्या भाषेत आणायचं तर फोकल लेंग्थ आणि एफ-नंबर दोन्हींना ०.७९ ने गुणा. ६३ मिमी एफ/२.८ म्हणजे ५० मिमी एफ/२.२. सर्वांत उजेडी ८० मिमी एफ/१.७ म्हणजे ६३ मिमी एफ/१.३. फुल फ्रेमला ५० मिमी एफ/१.२ सहज मिळते. तेव्हा निव्वळ मागची धूसरता हवी म्हणून हा खर्च करू नये. इथे मिळतं ते वेगळं : मोठ्या प्रिंटला पुरतील इतके पिक्सेल, सावल्या तीन स्टॉप उचलल्या तरी न फाटणारी फाइल आणि कडेपर्यंत धार राखणाऱ्या लेन्स. यशिका विकू नका.

प्रश्न : जीएफएक्स १००एस टू घेतला आहे. आषाढी वारी आणि जेजुरीची सोमवती दोन्हीकडे नेणार आहे. पाऊस, गर्दी, भंडारा. काय सांभाळू? – फलटण

उत्तर : आधी शटर. स्टॅबिलायझेशन ८ स्टॉपचं आहे म्हणून १/३० ला निर्धास्त होऊ नका. ते तुमचा हात सांभाळतं, वारकऱ्याचे पाय नाही. पाच मीटरवरून आडवा चालत जाणारा माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर सरकतो. ६३ मिमी लेन्समागे सेन्सरवर ते होतात सेकंदाला साधारण १७ मिमी. १/५०० ला ३५ मायक्रॉन, म्हणजे नऊ पिक्सेलचा फासलेला पट्टा. १६ इंची प्रिंटमध्ये तो ०.३ मिमी होतो आणि हातात धरून पाहणाऱ्याला दिसतो. १/१००० ला निम्मा होतो आणि चालून जातो. म्हणून आडव्या चालीला १/१०००. समोरून येणाऱ्या दिंडीला १/२५० ते १/५०० पुरतं, कारण सेन्सरवर ती फारशी सरकत नाही. पावसाळी आभाळात १/१००० साठी आयएसओ १६०० लागलं तरी लावा.

रिंगणाचा अश्व मात्र या कॅमेऱ्याचं काम नाही. पंधरा मीटरवरून दौडणाऱ्या घोड्याला ११० मिमीवर १/२००० सुद्धा अपुरं पडतं, आणि फैर सेकंदाला सातचीच. मित्राचा फुल फ्रेम मागून घ्या, नाहीतर १/६० ला कॅमेरा घोड्याबरोबर फिरवत पार्श्वभूमी मुद्दाम पुसा.

ऑटोफोकस एएफ-सी (चालत्या माणसावर सतत फोकस धरणारी पद्धत) वर ठेवा. चेहरा ओळखण्याची सोय सुटा माणूस असेल तेव्हाच चालू करा. टाळकऱ्यांच्या रांगेत वीस चेहरे एकदम दिसले की चौकट या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर उड्या मारते. तिथे एकच लहान बिंदू बरा. जुन्या ५० मेगापिक्सेलच्या मालिकेत नुसता कॉन्ट्रास्ट ऑटोफोकस आहे, तो चालत्या माणसावर मागे-पुढे चाचपडत बसतो. तुमच्याकडे फेज डिटेक्शन (फोकस कुठल्या दिशेला न्यायचा हे थेट मोजणारी पद्धत) आहे, त्यामुळे ही अडचण नाही.

पावसाला बॉडी आणि 'डब्ल्यूआर' लिहिलेल्या जीएफ लेन्स बऱ्यापैकी तोंड देतात. पाणी शिरतं ते बहुधा तुम्हीच उघडलेल्या दारांतून : कार्ड बदलताना, बॅटरी बदलताना, लेन्स काढताना. दोन्ही कार्डं आणि भरलेली बॅटरी सकाळीच घाला. हूड लावा, हॉटेलात मिळते ती अंघोळीची प्लास्टिकची टोपी वरून चढवा. मुक्कामावर पोचल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत बंद ठेवू नका, पंख्याखाली उघडा ठेवा. घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. बुरशी लेन्सच्या आतल्या काचेवर एकदा धरली की साफसफाईचा खर्च लेन्सच्या किमतीशी स्पर्धा करतो.

आता भंडारा. हळदीची ही पूड पावसापेक्षा त्रासदायक, कारण ती इतकी बारीक असते की झूम रिंगच्या फटीत, डायलच्या दातांत जाऊन बसते. गडावर जाण्याआधी एकच लेन्स लावायची आणि परत येईपर्यंत काढायची नाही. शक्यतो झूम नको. लांबी बदलताना पुढे-मागे सरकणारी लेन्स हवा आत ओढते, हवेबरोबर पूडही. बॉडीच्या सांध्यांवर रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावा, ती डाग न ठेवता निघते. पुढच्या काचेवर यूव्ही फिल्टर असू दे.

परतल्यावर पहिला नियम : ओलं फडकं लावायचं नाही. ओली हळद चिकटते आणि पिवळा डाग बसतो. आधी कॅमेरा पालथा धरून रबरी ब्लोअर, मग मऊ कोरडा ब्रश, मग पुन्हा ब्लोअर. बाहेरचं सगळं निघाल्यावरच लेन्स काढा, तीही दुसऱ्या खोलीत. सेन्सरवर ठिपके आहेत का ते एफ/१६ ला कोऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढून बघा. ब्लोअरने गेले नाहीत तर स्वॅब, पण नेहमीचा २४ मिमीचा फुल फ्रेम स्वॅब ३३ मिमी उंचीला पुरत नाही. दोन फेऱ्या माराव्या लागतात आणि दोन्ही फेऱ्या जिथे मिळतात तिथे रेघ उमटते. मीडियम फॉरमॅटसाठी रुंद स्वॅब मिळतात, तेच मागवा.

प्रश्न : नाट्यगृहात आवाज नको म्हणून १०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर इलेक्ट्रॉनिक शटर लावलं. सगळ्या फोटोंवर आडवे काळे पट्टे. कॅमेरा बिघडला का? – ठाणे

उत्तर : नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. इतका मोठा सेन्सर ओळीओळीने वाचायला वेळ घेतो. पट्टे मोजून तुमच्या कॅमेऱ्याचा वेळ तुम्हीच काढू शकता : पट्ट्यांची संख्या भागिले १००. पंचवीस पट्टे असतील तर पाव सेकंद. या पाव सेकंदात नटाचा हातही तिरका होतो आणि चालत्या बसची चाकं लंबगोल. म्हणून हे शटर स्थिर वस्तूला आणि सूर्यप्रकाशालाच ठीक.

नाट्यगृहात मेकॅनिकल शटर, स्पीड १/१०० किंवा १/५०, आणि मेन्यूतलं फ्लिकर रिडक्शन चालू. रंगमंचावरच्या डिमरवर चालणाऱ्या एलईडीची लय वेगळी असते. तिथे प्रयोगाआधी दोन-चार स्पीडला चाचणी फोटो काढा आणि पट्टे नसलेला स्पीड धरा. आवाजाचाच प्रश्न असेल तर लेन्समध्ये शटर असलेला हॅसलब्लाड मऊ वाजतो, पण गंभीर प्रवेशात पहिल्या रांगेतून तोही ऐकू येतो. टाळीची वाट बघा.

प्रश्न : सह्याद्रीत ट्रायपॉड न नेता लँडस्केप करायचं आहे. एफ/१६ ठेवू का? वजन फार होईल का? – नाशिक

उत्तर : वजनाची भीती जुनी झाली. जीएफएक्स १००एस टू ८८३ ग्रॅम आणि ३५-७० मिमी झूम ३९० ग्रॅम, मिळून पावणेतेराशे. निकॉन झेड८ वर २४-१२० चढवलात तर पंधराशेच्या वर जातं. अर्थात त्याच जीएफएक्सला ४५-१०० एफ/४ लावली की ती एकटीच किलोभराची. चढणीसाठी छोटी झूम घ्या. तिला स्वस्तातली म्हणून हिणवतात, पण एफ/८ ला ती १०० मेगापिक्सेलला पुरते.

एफ/१६ नको. तिथे विवर्तनामुळे (लेन्सचं छिद्र बारीक झालं की प्रकाश कडेला वळतो) प्रकाशाचा प्रत्येक बिंदू २१ मायक्रॉनच्या ठिपक्यात पसरतो, म्हणजे जवळपास सहा पिक्सेलवर. एफ/८ ला हाच ठिपका ११ मायक्रॉनचा, तीन पिक्सेलचा. भर उन्हात आयएसओ ८०, एफ/८ ला शटर १/३२० मिळतं, हाताला आरामात. ढगाळ झालं की तीन स्टॉप जातात आणि १/४० उरतं. कडा आणि बुरूज स्टॅबिलायझेशनच्या जोरावर त्यावरही येतील, पण वाऱ्यावर डोलणारी कारवी किंवा कासची फुलं येणार नाहीत. तेव्हा आयएसओ ४०० ते ८००.

खरी अडचण पायाशी असलेल्या दगडापासून समोरच्या डोंगरापर्यंत सगळं धारेत आणण्याची. ३५ मिमी, एफ/८ ला जुन्या तक्त्याप्रमाणे हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केला की त्याच्या निम्म्यापासून क्षितिजापर्यंत सगळं धारेत येतं) पाच मीटर येतं, अडीच मीटरपासून सगळं ठीक. ते तक्ते ०.०३ मिमीच्या ठिपक्यावर बेतलेले आहेत. १०० मेगापिक्सेलची कडक कसोटी लावली, दोन पिक्सेलची, तर तेच अंतर २० मीटर होतं आणि जवळची धार दहा मीटरपासून सुरू होते. दगड आणि डोंगर दोन्ही हवेच असतील तर एफ/११ वर या, किंवा दगडाला आणि डोंगराला वेगवेगळा फोकस देऊन दोन फोटो घेऊन जोडा. हातात धरून दोनच जुळतात, दहा जुळत नाहीत. दगड अगदी पायाशी असेल तर तो सोडून द्यायला काय हरकत आहे?

प्रश्न : लग्नाच्या कामाला १०० मेगापिक्सेल वापरू का? – नागपूर

उत्तर : वधूवरांच्या निवांत पोर्ट्रेटना जरूर. अक्षता, हार आणि धावपळीला नको. लॉसलेस कॉम्प्रेशन केलेली रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल सुमारे १२० एमबीची धरा, अनकॉम्प्रेस्ड २०० च्या वर. लग्नात तीन हजार फोटो निघतात, म्हणजे ३६० जीबी, आणि दुसऱ्या प्रतीसाठी आणखी तितकेच. फोटोशॉपमध्ये १६ बिटची एक सपाट टिफ फाइल ६११ एमबीची होते, दोन लेयर वाढले की तिप्पट. ३२ जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर अल्बम वेळेत जाणार नाही. गिऱ्हाईक १२×३६ च्या अल्बमचे पैसे देतं, मेगापिक्सेलचे नाही.

प्रश्न : दुपारच्या उन्हात एफ/४ ठेवून फ्लॅशने सावल्या उचलायच्या आहेत. फुजी की हॅसलब्लाड? – मडगाव

उत्तर : या एका कामात हॅसलब्लाड स्पष्ट पुढे. उन्हात आयएसओ ८०, एफ/४ ला १/१२५० लागतं. जीएफएक्सचं पडद्याचं शटर फ्लॅशशी १/१२५ पर्यंतच जुळतं. चार स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा फिल्टर) लावलात तर १/८० वर येता, पण एनडी फ्लॅशचाही प्रकाश तितकाच खातो. फ्लॅशला एफ/१६ साठी लागणारी ताकद लावावी लागते. हाय-स्पीड सिंकमध्येही (वेगवान शटरसाठी फ्लॅश भराभर उजळवण्याची पद्धत) ताकद जाते. हॅसलब्लाडचं शटर लेन्समध्ये असल्याने कुठल्याही स्पीडला जुळतं, लेन्सप्रमाणे १/२००० किंवा १/४००० पर्यंत, आणि हातात मावणारा छोटा फ्लॅश पुरतो. एक खाचखळगा लक्षात ठेवा : मोठा स्टुडिओ फ्लॅश पूर्ण ताकदीवर लांबट उजळतो आणि १/२००० ला त्याची शेपटी कापली जाते. बऱ्याच फ्लॅशमध्ये ताकद निम्मी किंवा पाव केली की हे टळतं.

प्रश्न : रोज ऑफिसला जाता-येता रस्त्यावरचे फोटो काढते. जीएफएक्स १००आरएफ घ्यावा की हॅसलब्लाड एक्स२डी टू आणि ३८ मिमी? – न्यू जर्सी

उत्तर : रोजच्या बॅगेचा विचार केला तर १००आरएफ. बॅटरी-कार्डासकट ७३५ ग्रॅम, ३५ मिमी एफ/४ लेन्स कायमची जोडलेली (फुल फ्रेमच्या २८ सारखी), शटर लेन्समध्येच, चार स्टॉपचा एनडी आतच. किंमत ४८९९ डॉलर. एक्स२डी टूची नुसती बॉडी बॅटरीसकट ८४० ग्रॅम आणि ७३९९ डॉलर. ३८ मिमी लेन्सचे ३५० ग्रॅम आणि ३६९९ डॉलर वेगळे.

१००आरएफमध्ये स्टॅबिलायझेशन नाही, यावर बरीच टीका झाली. पण तुमच्या कामाला ती कितपत लागू आहे बघा. ३५ मिमीमागे १०० मेगापिक्सेलचा पिक्सेल ०.१०७ मिलिरेडियनचा, म्हणजे पुण्याच्या वाचकाच्या जुन्या २४ मेगापिक्सेल आणि ५० मिमीच्या जवळपास. १/६० हातात जमतं. उजळ बाजारपेठेत रात्री एफ/४, १/६० ला आयएसओ १६०० लागतं, आणि हा सेन्सर ते सहज पेलतो. हॅसलब्लाड १० स्टॉपच्या स्टॅबिलायझेशनवर १/४ सेकंदाला आयएसओ १०० देईल, पण १/४ सेकंदात चालती माणसं भुतं होतात. रिकामे रस्ते, पूल, इमारती रात्री काढत असाल तर हॅसलब्लाड घ्या. माणसं काढत असाल तर तो फायदा कागदावरच राहतो.

जवळ जाता येत नसेल तेव्हा १००आरएफवर क्रॉपचा (फ्रेमचा मधला भाग तेवढा ठेवण्याचा) खटका आहे : ४५ मिमीला ६२, ६३ मिमीला ३१, ८० मिमीला २० मेगापिक्सेल उरतात. ६३ च्या क्रॉपपर्यंत बिनधास्त वापरा. ६५:२४ ची लांबट चौकटही आहे, ती १९९८ साली हॅसलब्लाड आणि फुजीने मिळून काढलेल्या एक्सपॅन फिल्म कॅमेऱ्याची आठवण; १०० मेगापिक्सेलमधून तिला ५० उरतात. एक पथ्य पाळा : पुढे अॅडॉप्टर रिंग आणि फिल्टर चढवल्याशिवाय हा कॅमेरा पावसाला तोंड देणारा होत नाही. ती दोन्ही पहिल्या दिवसापासून लावून टाका.

प्रश्न : ४०० मेगापिक्सेलचा पिक्सेल शिफ्ट हातात धरून होतो का? – कोल्हापूर

उत्तर : जीएफएक्सवर नाही. सेन्सर अर्ध्या-एक पिक्सेलने सरकवत १६ फोटो घेऊन ते जोडले जातात. ट्रायपॉडवरही शेजारून ट्रक गेला तर जाळी उमटते.

प्रश्न : फक्त इन्स्टाग्रामवर टाकतो. फरक पडेल का? – डोंबिवली

उत्तर : १०८०×१३५० म्हणजे दीड मेगापिक्सेलसुद्धा नाही. पैसे प्रवासाला वापरा.

प्रश्न : जुना मीडियम फॉरमॅट घेताना काय तपासू? – इचलकरंजी

उत्तर : शक्य असेल तर तेच मॉडेल आधी एक-दोन दिवस भाड्याने वापरा. पहिला एक्स१डी सुरू व्हायला कित्येक सेकंद घेतो. ते स्पेसिफिकेशन वाचून खटकत नाही, रस्त्यावर खटकतं. खरेदीच्या वेळी एफ/१६ ला आभाळाचा फोटो काढून सेन्सरवरचे ठिपके बघा. लेन्समधून टॉर्च तिरका मारून जाळीसारखी बुरशी शोधा. हॅसलब्लाडच्या शटरचा आकडा प्रत्येक लेन्सचा वेगळा असतो, तो प्रत्येक लेन्ससाठी विचारा. मग चारही कोपरे एकेक करून फोकस करून तपासा; एकच कोपरा सतत मऊ असेल तर लेन्स आदळलेली आहे, सौदा सोडा. फुजीत बॅटऱ्या दोन प्रकारच्या आहेत. ५०एस, ५०आर आणि पहिल्या १०० ला एनपी-टी१२५, १००एस आणि ५०एस टू पासून पुढे एनपी-डब्ल्यू२३५. एकीची दुसरीत बसत नाही, तेव्हा विकणारा 'दोन बॅटऱ्या फुकट' म्हणाला तर त्यावरचा नंबर वाचा.